कडेवरचे नाव

मुलांनो, तुम्ही एखाद्या संग्रहालयातले नाण्यांचे दालन पाहिले आहे का? सातवाहनांची शिशाची नाणी, मोगलांच्या मोहरा, शिवाजी महाराजांची शिवराई असे पाहत पाहत आपण पुढे जातो. शेवटी एका कोपऱ्यात पदकांचे कपाट असते. तिथे पोहोचेपर्यंत पाय दुखू लागतात, म्हणून बहुतेक लोक थांबत नाहीत. तुम्ही मात्र थांबा.

पदक नाण्यासारखेच गोल असते. त्यावर राजाचा चेहरा असतो, साल असते. पण किंमत नसते. १९६४ साली पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ आपल्या सरकारने रुपया काढला. तो आठवणीसाठी होता, तरी रुपयाच होता. त्याने भाजी घेता येत असे. पदकाने काही विकत घेता येत नाही. असे मी म्हणतो खरे, पण आमच्या घरी एका पदकाने ज्वारी आणली.

माझे आजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीत शिपाई होते. पलटणीत मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानही असत. त्यांना मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये पाठवले होते. युद्ध संपल्यावर त्यांना दोन पदके मिळाली. एक चांदीचे, एक कांस्याचे. दोन्हींच्या कडेवर त्यांचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत उमटवलेली होती.

१९७२ च्या दुष्काळात आजोबा हयात नव्हते. घरात धान्य नव्हते. आजीने दोन्ही पदके पदरात बांधली आणि ती सोनाराकडे गेली. मी तिच्याबरोबर होतो. सोनाराने चांदीचे पदक तराजूत टाकले. ते अडीच तोळ्यांहून थोडे जास्त भरले. तेवढ्या चांदीचे पैसे त्याने दिले. नावाचे वेगळे पैसे कोण देणार? कांस्याचे पदक त्याने परत केले. ते आजही माझ्याकडे आहे. आजी वाटेत काही बोलली नाही.

त्यानंतर संग्रहालयात गेलो की मी पदकांचे कपाट शोधतो. एकदा एका संग्रहालयात १९११ च्या दिल्ली दरबाराचे पदक दिसले. त्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेण्याची घोषणा झाली होती. पदकाच्या मागच्या बाजूला फारसी मजकूर होता. मी चष्मा पुसून पाहत राहिलो. शेजारी तुमच्याच वयाचा एक मुलगा उभा होता. तो म्हणाला, "काका, इथे दरबार लिहिले आहे. आणि हे बघा, हिंद!" मला जी नक्षी वाटली होती, ती त्याने सहज वाचली. तुम्हीही वाचाल.

दरबाराची ती पदके हजारो लोकांना वाटली गेली, पण त्यांवर घेणाऱ्याचे नाव कोरलेले नव्हते. म्हणून ती मला थोडी परकी वाटतात.

त्याच कपाटात खाली चांदीचे एक युद्धपदक होते. अगदी आजोबांच्या पदकासारखे. ते सपाट ठेवले होते, त्यामुळे कड दिसत नव्हती. चिठ्ठीवर फक्त 'चांदी, १९१४-१९१८' असे लिहिले होते. माझी छाती धडधडू लागली. अशी कितीतरी पदके सोनारांनी आटवली, हे मला ठाऊक होते. तरी मी तिथल्या अधिकाऱ्यांना विनंती केली. त्यांनी हातमोजे घालून कपाट उघडले, पदक उभे धरले आणि भिंगातून कडेवरचे नाव वाचले.

नाव आजोबांचे नव्हते. पलटणही दुसरीच होती.

मी ते नाव वहीत लिहून घेतले. तो मुलगाही वाकून पाहत होता. तो अधिकाऱ्यांना म्हणाला, "साहेब, हे नाव चिठ्ठीवर का नाही?" ते जरा थांबले. मग म्हणाले, "जागा तर आहे. लिहू."

पुढच्या महिन्यात मी पुन्हा गेलो. चिठ्ठी बदललेली होती.