आलेखाच्या कागदावरचं शहर

मुलांनो, तुमच्या घराचा पत्ता कसा सांगता? ‘मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीशेजारी’ असंच ना? अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत मात्र दोन आकडे आणि दोन दिशा सांगितल्या की काम भागतं. तिथल्या सार्वजनिक वाचनालयाचा पत्ता आहे ‘२१० ईस्ट, ४०० साऊथ’. म्हणजे २१० पूर्व, ४०० दक्षिण.

१८४७ साली मॉर्मन पंथाचे लोक या खोऱ्यात आले आणि त्यांनी चौकटीच्या वहीसारखं शहर आखलं. मूळ आखणीत एकेक चौकोन ६६० फुटांचा आणि मधले रस्ते तब्बल १३२ फूट रुंद! त्यांच्या मंदिराच्या आवाराचा आग्नेय कोपरा हा मोजणीचा आरंभबिंदू. तिथून पूर्व-पश्चिम जाणारा ‘साऊथ टेंपल’ रस्ता म्हणजे आपला एक्स-अक्ष आणि उत्तर-दक्षिण जाणारा ‘मेन स्ट्रीट’ म्हणजे वाय-अक्ष. एक चौकोन ओलांडला की शंभर वाढले. पूर्व आणि उत्तर अधिक, पश्चिम आणि दक्षिण उणे. शंभराला एक धरलं, तर वाचनालय येतं (२.१, −४) या बिंदूवर.

किती सोपं, नाही? मलाही तसंच वाटलं होतं. काही वर्षांपूर्वी मी तिथे गेलो, तेव्हा एक मित्र संध्याकाळी पाचला वाचनालयाच्या दारात थांबणार होता. मी घाईघाईत चिठ्ठीवर लिहिलं, ‘२१०, ४००’. दिशा लिहायच्या राहिल्या! चार चौकोन पूर्वेला गेलो, दोन दक्षिणेला उतरलो. वाचनालयाचा पत्ताच नाही. अंधार पडत चाललेला, खिशातल्या फोनची बॅटरी संपलेली. मग तिथेच उभं राहून हिशेब केला. कुठला आकडा आधी, हे दोन प्रकारे; पूर्व की पश्चिम, उत्तर की दक्षिण, हे चार प्रकारे. आकडे दोनच, पण जागा आठ!

शेवटी एका आजीबाईंना विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “डोंगराकडे तोंड करा. ती पूर्व. आता उजवीकडे दोन चौकोन चाला, ‘४०० साऊथ’ लागेल.” तो रस्ता लागला खरा, पण मी पुन्हा गोंधळलो. नाव ‘साऊथ’, आणि रस्ता चाललाय पूर्व-पश्चिम!

बघा बरं, असं का? त्या रस्त्यावर तुम्ही कुठेही उभे राहा, पार पूर्वेच्या टोकाला जा की पश्चिमेच्या, आरंभबिंदूच्या रस्त्यापासून तुम्ही चार चौकोनच दक्षिणेला असता. एक्स बदलत राहतो, वाय मात्र −४ चा हलत नाही. वहीत ‘वाय = −४’ ही रेषा वाय-अक्षासारखी उभी काढून मी शाळेत मार्क घालवले होते. ती आडवी का, हे त्या फुटपाथवर कळलं. पश्चिमेकडे वळलो, दोनेक चौकोन चाललो आणि दारात मित्र दिसला. थंडीनं आणि रागानं लाल झालेला!

आता एक काम तुमच्यासाठी. तिथल्या विधानभवनाचा पत्ता आहे ‘३५० नॉर्थ, स्टेट स्ट्रीट’, आणि स्टेट स्ट्रीट म्हणजे १०० ईस्ट. घ्या आलेखाचा कागद आणि सांगा, हा बिंदू कोणत्या चरणात येईल? आणि वाचनालय कोणत्या?