पीडब्ल्यूडी

आमच्या गावात पीडब्ल्यूडी म्हटले की एकच अर्थ, बांधकाम खाते! अण्णा दर उन्हाळ्यात त्या खात्याच्या कंत्राटदाराकडे मैलाचे दगड रंगवायला जातात. त्यामुळे संगणकाच्या तासाला सरांनी फळ्यावर तीच अक्षरे लिहिली, तेव्हा मला हसूच फुटले. तेथे त्यांचा अर्थ ‘प्रिंट वर्किंग डिरेक्टरी’. म्हणजे, बाबा रे, मी सध्या कोणत्या कप्प्यात उभा आहे ते छापून दाखव. छापून अशासाठी, की 1969 साली अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये युनिक्स जन्माला आली, त्या काळात उत्तर टेलिटाइपच्या कागदावर खरोखरच छापून येई.

आज ते पडद्यावर उमटते : स्लॅश, होम, स्लॅश, विद्यार्थी, स्लॅश, ओव्या. पहिली स्लॅश म्हणजे सगळ्याचे मूळ. आपला पत्ता नावापासून निघून मुक्काम पोस्ट, तालुका करीत जिल्ह्याला पोहोचतो. हा उलटा, जिल्ह्यापासून निघून आपल्या उंबऱ्याशी थांबतो.

गंमत वाटली, पण ती आज्ञा मी कधी वापरली नाही. आपण कुठे आहोत हे काय विचारायचे? वर्गातही मी विचारीत नसे. घरातून कॉलेजात आलेला पहिलाच. अडाणी दिसण्याची धास्ती!

एके दिवशी सरावाच्या फायली पुसायला बसलो. मध्येच ओव्यांच्या कप्प्यात डोकावलो आणि परत यायचे विसरलो. समोर नुसते डॉलरचे चिन्ह आणि लुकलुकणारी रेघ. ‘आरएम’, पुढे तारा, एंटर. ही आज्ञा तुम्ही उभे असाल तिथल्या साऱ्या फायली पुसते. कचरापेटीतसुद्धा ठेवीत नाही. मग पीडब्ल्यूडी दिली. उत्तर वर लिहिलेच आहे.

मराठीच्या प्रकल्पासाठी आजीकडून उतरवून घेतलेल्या 41 ओव्या गेल्या. टिपणांचे कागद कधीच बंबात गेले होते.

अण्णांना सांगितले. ते म्हणाले, ‘‘मग आधी दगड बघायचा होतास की!’’

आजी पुन्हा गायला बसली. 33 आठवल्या. उरलेल्या हातात खुंटा असल्याशिवाय यायच्या नाहीत, असे ती म्हणते. जाते गोठ्यात पालथे पडले आहे. दिवाळीच्या सुट्टीत अण्णा आणि मी ते मांडून देणार आहोत.