कपाळावरून उतरलेले नाक

आपल्या भाषेने मनुष्याची सारी अब्रू नाकावर नेऊन ठेवली आहे. घराण्याचे नाक राखावयाचे, वैऱ्याचे कापावयाचे, मानी पुरुषाने त्यावर माशी बसू द्यावयाची नाही. आणि शरण जावयाचे तेही नाक मुठीत धरूनच! हे वाक्प्रचार मी पस्तीस वर्षे मुलांकडून वाक्यांत योजून घेतले. त्यांचा वाच्यार्थ स्वतःवर ओढवेल, असे मात्र कधी मनात आले नव्हते.

तीन वर्षांपूर्वी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, माझ्या डाव्या नाकपुडीवर काळसर मण्याएवढा उंचवटा दिसू लागला. त्यावर खपली धरे, ती गळे, टिपूसभर रक्त येई आणि पुन्हा खपली धरे. दुखत मात्र मुळीच नसे. तेरखेड्यास माझी दाढी करणारे गृहस्थ मोठे चाणाक्ष. एके दिवशी वस्तरा थांबवून ते म्हणाले, "गुरुजी, बरी व्हायची जखम एवढे दिवस ऱ्हात न्हाई. डाक्टरला दावा." त्याच आठवड्यात मी गेलो. तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तो त्वचेचा कर्करोग निघाला. त्याचे शास्त्रीय नाव बेसल सेल कार्सिनोमा.

आमचे गाव फटाक्यांच्या कारखान्यांबद्दल प्रसिद्ध. तेव्हा दारूच्या धुरानेच हे झाले, असा निर्णय पारावर झाला. डॉक्टरांनी समजाविले, की या रोगाचे मुख्य ज्ञात कारण म्हणजे वर्षानुवर्षे अंगावर घेतलेले ऊन. म्हणूनच तो बहुधा चेहऱ्यावर, त्यातही नाकावर होतो. गोऱ्या कातडीच्या लोकांत तो पुष्कळ आढळतो. आपल्या सावळ्या वर्णाने बरेच संरक्षण मिळते, परंतु पूर्ण नव्हे. आणि आपल्याकडे तो अनेकदा काळसर असल्याने लोक त्यास तीळ समजतात. तो शरीरात दूरवर क्वचितच पसरतो. परंतु जागच्या जागी कातडी, कूर्चा व अखेरीस हाडही खात जातो.

उपाय शस्त्रक्रियेचा ठरला. "दिसते तेवढेच काढा," अशी मी विनंती केली. शस्त्रवैद्य म्हणाले, की भोवतालची काही मिलिमीटर निरोगी कातडीही काढावी लागेल, आणि कडा तपासून स्वच्छ निघाल्याखेरीज नाक बांधावयास घेणार नाही. म्हणजे नाकपुडी बहुतेक जाणार! मरणाचे भय मला फारसे वाटले नाही. पण मार्गशीर्षात धाकट्या मुलीचे लग्न ठरले होते. चार मंडळींसमोर अर्ध्या नाकाने कसे बसावे? लग्न उरकेपर्यंत थांबावे, असे मी घरी सुचविले. त्यावर आमचे कुटुंब शांतपणे म्हणाले, "कन्यादान हातांनी करायचे असते, नाकाने नव्हे. आणि हात चालायला माणूस राहिला पाहिजे."

त्या रात्री कपाटातील सुश्रुतसंहिता काढली. चिकित्सास्थानाच्या अठराव्या अध्यायात आचार्यांनी अर्बुदाविषयी बजाविले आहे, की काढताना दोष शेष राहिला तर अर्बुद लवकरच पुन्हा वाढते, आणि न विझलेल्या अग्नीप्रमाणे घात करते. म्हणून ते निःशेष काढावे. आचार्यांजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता. परंतु त्यांचे 'अशेष' आणि आमच्या शस्त्रवैद्यांची 'स्वच्छ कडा' यांच्या हेतूत मला अंतर दिसेना. सकाळी संमती दिली.

रोग काढला, कडा स्वच्छ निघाल्या. मग कानातील कूर्चेची लहानशी पट्टी आधारास बसविली, आणि तीवर कपाळाची कातडी उतरवून आणली. ही कातडी सर्वस्वी तोडीत नाहीत. भुवईजवळून एक रक्तवाहिनी कपाळात चढते. त्या ठिकाणी कातडीचा देठ कायम ठेवून ती पिळून खाली आणतात व नाकास शिवतात. नवी जागा तीस रक्त देऊ लागेपर्यंत जुन्या जागेने तीस पोसावयाचे. सुमारे तीन आठवडे भुवईपासून नाकापर्यंत ती सोंड वागवावी लागली. चष्मा बसेना, म्हणून नातीने मला वर्तमानपत्र वाचून दाखविले. गंमत अशी, की नाकावर माशी बसली म्हणजे मला ती कपाळावर बसल्यासारखी वाटे! तीन आठवड्यांनी देठ कापला. पन्नास वर्षे ज्या कातडीस गंध लाविले, ती आता माझ्या नाकावर आहे.

या विद्येचा इतिहास आपल्या महाराष्ट्रातून जातो. १७९२ च्या म्हैसूर युद्धात इंग्रजी फौजेकडे बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी टिपूच्या कैदेत सापडला; त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षाहून अधिक काळ गेल्यावर पुण्याजवळच्या, विटा भाजणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्यास कपाळाच्या कातडीचे नवे नाक करून दिले. मेणाचा साचा नाकावर बसवून पाहावयाचा, तो कपाळावर पसरून रेघ आखावयाची, भुवयांमध्ये देठ ठेवून कातडी सोडवावयाची, नाकाच्या जागी बसवून वर काताचा लेप लावावयाचा, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास देठ कापावयाचा, अशी त्याची रीत. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ती छापली; आणि १८१४ मध्ये कार्प्यू नावाच्या शस्त्रवैद्याने त्याच रीतीने लंडनमध्ये शस्त्रक्रिया केली. त्या कारागिराचे पंचवीस दिवस आणि माझे तीन आठवडे यांत अंतर ते किती!

मला विचारात पाडले ते हे, की सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात नाकाच्या मापाचे पान घेऊन गालाची कातडी आणण्यास सांगितले आहे, आणि पुण्याचा कारागीर ती कपाळावरून आणतो. पोथी आमच्या घरांत होती. तिचे पठण आम्ही केले, पूजाही केली. शस्त्र धरणारा हात मात्र भट्टीपाशी बसणाऱ्याच्या घरी राहिला, आणि त्या हाताने पोथीत नसलेली वाटही चालून दाखविली. लंडनच्या मासिकाने त्याच्या रुग्णाचे नाव छापले; त्याचे छापले नाही. विद्या कोणाच्या घरची, हा वाद घालण्यापूर्वी आपण शास्त्र्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

मार्गशीर्षात कन्यादान यथासांग झाले. कपाळावरील उभ्या वणाची रेघ व्याह्यांस आठ्यांतील एक वाटली. आता सहा महिन्यांनी तपासणीस जातो, आणि उन्हात छत्रीखेरीज निघत नाही. वाचकांस विनंती एवढीच, की चेहऱ्यावरील जी जखम महिन्याभरात भरत नाही, जो तीळ वाढतो अथवा रक्त देतो, तो दुखत नाही म्हणून स्वस्थ बसू नये. मुंबईस टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून आहे. आमच्या शेजारी बार्शीसही कर्करोगाचे रुग्णालय आहे. लवकर गेल्यास थोडक्यात भागते. आणि सल्ला देणारा वस्तरा हातात धरणारा असला, तरी तो अवश्य ऐकावा.