वहीतले कोरे पान

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घरी अजून वहीपूजन होते. वडिलांचे किराणा दुकान बंद होऊन कैक वर्षे लोटली. पण लाल कापडी बांधणीची नवी रोजकीर्द आणायची, पहिल्या पानावर ‘श्री’ काढायचे आणि हळदकुंकू वाहायचे, एवढा परिपाठ मी मोडलेला नाही.

गेल्या दिवाळीत नात शेजारी बसली होती. तिने विचारले, “आजोबा, सगळ्यांत लांबलेली उधारी कुणाची?”

दुकानदाराच्या मुलाला असा प्रश्न म्हणजे फराळाचे ताटच! मी तिला इंग्लंडच्या सरकारची गोष्ट सांगितली. १८३३ साली तिथल्या पार्लमेंटने वसाहतींतली गुलामी बंद करण्याचा कायदा केला. वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांतली, मॉरिशसची, केपची अशी आठ लाखांच्या आसपास माणसे मोकळी व्हायची होती. माणूस हा विकायचा माल नव्हे, असे नीती म्हणत होती. कायद्याने मात्र मालाची किंमत मोजली. दोन कोटी पौंड! त्यासाठी काढलेल्या कर्जाची शेवटची बाकी २०१५ साली फिटली.

“मग गुलामांना किती मिळाले?”

“काही नाही. पैसे मालकांना मिळाले. उलट सहा वर्षांवरच्या साऱ्यांना ‘उमेदवारी’ या गोंडस नावाखाली त्याच मालकांकडे राबावे लागले. ती उमेदवारी १८३८ साली संपली.”

आपणही त्या कायद्यात नव्हतो. कंपनी सरकारचा मुलूख त्यातून वगळला होता. गुलामावरचा मालकी हक्क इथल्या कोर्टांनी मानू नये, असा कायदा व्हायला १८४३ साल उजाडले.

खरे सांगायचे तर त्या सभागृहात मी असतो, तर मीही हात वर केला असता. मळेवाल्यांचे हितसंबंधी तिथे कमी नव्हते. त्यांची समजूत घातल्याशिवाय कायदा अडला असता. आणि अडलेल्या प्रत्येक वर्षाची किंमत माझ्या नव्हे, गुलामाच्या पाठीने भरली असती. निर्मळ हातांनी वाट पाहणे सोपे असते, कारण वाट पाहणारा दुसराच कुणीतरी असतो.

पण मग वडील आठवतात. एखाद्या अडलेल्या गिऱ्हाइकाकडून दहातले सहा रुपये घेऊन ते खाते मिटवीत. मात्र त्यापुढे ‘चुकते’ असे कधी लिहीत नसत. ‘तडजोड’ असे लिहीत. “तडजोड करावी रे,” ते म्हणत, “पण तिला फेड म्हणू नये.”

पार्लमेंटने मालकांचे खाते चुकते केले. ज्यांचे खरे देणे होते, त्यांच्या नावाचे खाते उघडलेच नाही.

नात बराच वेळ नवी वही चाळत होती. मग एका कोऱ्या पानावर बोट ठेवून म्हणाली, “आजोबा, हे पान त्यांचे का?”

मी त्या पानावरही हळदकुंकू वाहिले.