व्यायामाची मजुरी

पन्नाशी उलटली म्हणजे माणसाचीं दोन नवीं नातीं जडतात : एक चष्म्याशीं आणि दुसरें वजनकाट्याशीं. चष्म्याशीं माझें सूत केव्हांच जमलें. वजनकाट्याशीं मात्र अद्याप नीटसें जमलेलें नाहीं. गेल्या वर्षीं रक्त तपासलें तेव्हां साखरेचा आंकडा मधुमेहाच्या उंबरठ्याशीं येऊन उभा असल्याचें आढळलें. आमच्या डॉक्टरांनीं ऐंशी किलोंचें वजन बहात्तरांवर आणण्यास सांगितलें, आहार रोज १७०० उष्मांकांचा आंखून दिला आणि सकाळीं तासभर चालण्याचा नेम घालून दिला. माझ्या वडिलांच्या आयुष्याचीं शेवटचीं सहा वर्षें याच रोगानें आलेल्या अंधत्वांत गेलीं. रोज सकाळीं त्यांना वर्तमानपत्र मी वाचून दाखवीत असें. त्यामुळें हा उपदेश एका कानानें ऐकून दुसऱ्या कानानें सोडून देण्याची मला सोय नव्हती.

येथपर्यंत सारें सरळ होतें. घोळ झाला तो चिरंजीवांनीं दिलेल्या मनगटी घड्याळामुळें. हें घड्याळ वेळ सांगून थांबत नाहीं. तें पावलें मोजतें, नाडी मोजतें, आणि चालून घरीं आलों कीं 'आज ३१० उष्मांक जाळले' असें प्रशस्तिपत्रक देतें. त्या प्रशस्तिपत्रकाबरोबर एक प्रश्न आमच्या घरांत शिरला आणि गेले सात महिने तो मुक्कामाला आहे. १७०० खाण्याची परवानगी आणि वर ३१० ची कमाई. तर मग आज २०१० खावयास हरकत कोणती?

आमचे एक स्नेही गणिताचे प्राध्यापक आहेत. त्यांच्या मतें हरकत मुळींच नाहीं. 'अहो, तुम्हीं जन्मभर अर्थशास्त्र शिकवलेंत ना? उत्पन्न वाढलें आणि तितकाच खर्च वाढवला, तर शिल्लक पहिल्याइतकीच राहते. तूट ठरलेली आहे. ती राखली म्हणजे झालें. खा कीं बिनदिक्कत!' आमच्या सौभाग्यवतींचा पक्ष याच्या नेमका उलट. त्यांनीं गणित केलें नाहीं. फक्त विचारलें, 'अहो, तुम्ही चालतां तें वजन उतरवायला कीं भूक वाढवायला?' या दोन पक्षांच्या मध्यें सांपडलेल्या माणसानें काय करावें? मीं प्राध्यापकाचा नेहमींचा मार्ग धरला आणि पुस्तकें काढून बसलों.

स्नेह्यांच्या हिशेबाचें कूळ मोठें आहे, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. इटलींतील सँटोरिओ नांवाच्या वैद्यानें तराजूला टांगलेल्या खुर्चींत बसून, आपण खाल्लेल्या व उत्सर्जिलेल्या पदार्थांचें वजन वर्षानुवर्षें केलें आणि १६१४ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढें अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्यें लाव्हाझियेनें श्वसन ही एक मंद ज्वलनाची क्रिया आहे असें दाखवून दिलें. त्यानंतर शंभर वर्षांनीं अमेरिकेंत ॲटवॉटर या रसायनज्ञानें माणूस आंत राहूं शकेल एवढी उष्मामापक कोठडी बांधली आणि अन्नांतून मिळणारी व शरीरांतून बाहेर पडणारी शक्ति यांचा मेळ बसतो हें प्रयोगानें सिद्ध केलें. एक ग्रॅम साखर किंवा प्रथिन म्हणजे सुमारें चार उष्मांक आणि एक ग्रॅम तूप-तेल म्हणजे नऊ, हें जें कोष्टक आज डब्याडब्यांवर छापलेलें असतें, त्याचें मूळ या संशोधनांत आहे. तेव्हां देह ही जमाखर्चाची पेढी आहे, हें म्हणणें केवळ अलंकारिक नाहीं. प्रश्न एवढाच कीं, त्या पेढीवरचे आंकडे लिहितो कोण, आणि तो कारकून कितपत भरंवशाचा आहे?

पहिली शंका मला माझ्याच विषयानें सुचविली. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला राष्ट्रीय उत्पन्न मोजतांना दुहेरी गणनेचा दोष टाळावा, असें आम्ही शिकवितों. डॉक्टरांनीं दिलेला १७०० हा आंकडा बैठ्या माणसाचा होता, कीं रोज तासभर चालणाऱ्या माणसाचा? मीं त्यांना विचारलें. ते हंसून म्हणाले, 'तुमचें चालणें मीं त्यांत आधींच धरलेलें आहे.' म्हणजे जी रक्कम अंदाजपत्रकांत एकदां जमा झाली होती, तीच घड्याळाच्या सांगण्यावरून मी दुसऱ्यांदा उचलावी, असा स्नेह्यांचा सल्ला झाला. आहाराचा आंकडा निव्वळ बैठ्या दिवसाचा असेल आणि व्यायाम वेगळा मांडावयाचा असेल, तर त्यांतला कांहीं भाग परत खाण्यास आधार आहे. चालणें आधींच धरलें असेल, तर परत खाण्याचा प्रश्नच उरत नाहीं. हा वाद करणाऱ्या दहांपैकीं नऊ माणसांनीं आपला मूळ आंकडा कोणत्या जातीचा आहे एवढें जरी विचारून घेतलें, तरी निम्मा वाद मिटेल.

दुसरी शंका ढोबळ आणि निव्वळ उत्पन्नाची. स्वस्थ बसलेला माणूस देखील किलोमागें तासाला सुमारें एक उष्मांक जाळीतच असतो. साधारण झपझप चालणारा त्याच्या साडेतीनपट जाळतो. माझ्या ऐंशी किलोंना तासाभरांत २८० लागतात हें खरें. परंतु आरामखुर्चींत वर्तमानपत्र वाचीत बसलों असतों, तरी ८० लागलेच असते. चालण्याची खरी कमाई उरली ती २००. दोनशें उष्मांक म्हणजे पन्नास ग्रॅम साखर, किंवा बावीस-तेवीस ग्रॅम तूप. शरीरावरच्या एक किलो चरबीची किंमत सुमारें ७,७०० उष्मांक धरतात. म्हणजे नुसत्या कागदावरच्या हिशेबानें अडतीस दिवस चालावें तेव्हां एक किलो उतरावा. आजार हत्तीच्या पावलांनीं येतो आणि मुंगीच्या पावलांनीं जातो असें आपण म्हणतों. वजनाची गोष्टही त्याच घरची आहे.

पुण्याच्या वाचकांना सिंहगडाचा दाखला लवकर पटेल. रविवारीं गड चढून जावें आणि वर पिठलें-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यांतलें दहीं यांवर ताव मारावा, हा आमचा जुना कुलाचार आहे. चढण सहाशें मीटरांची धरूं. ऐंशी किलोंचा माणूस तेवढा वर उचलण्याचें काम सुमारें ११२ उष्मांकांचें. स्नायु आपल्या इंधनाचा चौथा हिस्साच कामीं लावतात, बाकीची उष्णता होते. म्हणून खर्च आला साडेचारशें. हा सारा पराक्रम पन्नास ग्रॅम तेलाच्या मोलाचा आहे. कढईंतून काढलेल्या भज्यांच्या दोन बशांत तो कोठल्या कोठें विरून जातो. भजीं खाऊं नयेत असें मी म्हणत नाहीं. तीं गडाच्या प्रेमानें खावीं. गड चढल्याची मजुरी म्हणून वसूल करूं नयेत.

तिसरी शंका खुद्द घड्याळाची. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत २०१७ सालीं अशा सात मनगटी यंत्रांची परीक्षा घेण्यांत आली. नाडीचे ठोके त्यांतल्या बहुतेकांनीं बऱ्यापैकीं बिनचूक सांगितले. पण जाळलेल्या उष्मांकांच्या बाबतींत त्यांतलें उत्तम यंत्र देखील सरासरीनें २७ टक्के चुकलें, आणि सर्वांत वाईट यंत्राची चूक ९३ टक्क्यांवर गेली. यंत्रें सुधारत जातील; परंतु ज्या हिशेबनिसाच्या बेरजेंत शेंकडा पंचवीस इकडे-तिकडे होतात, त्याच्या सांगण्यावरून रोकड मोजून देणारा व्यापारी मीं पाहिलेला नाहीं.

चौथी गोष्ट सर्वांत सूक्ष्म. देह ही पेढी असेल, पण तिचा मालक आपल्याला न विचारतां खर्चांत काटकसर करतो. टांझानियांतील हाडझा नांवाचे लोक आजही शिकार व कंदमुळें यांवर बऱ्याच अंशीं जगतात आणि दिवसभर हिंडतात. त्यांच्या दैनिक खर्चाचें मोजमाप २०१२ सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हां देहाच्या आकारमानाचा फरक वजा जातां तो खर्च पाश्चात्त्य देशांतल्या बैठ्या माणसाइतकाच भरला. यावरून पाँट्झर या मानववंशशास्त्रज्ञानें असें मत मांडलें कीं, हालचाल वाढली म्हणजे शरीर दुसरीकडचा खर्च थोडा आंखडतें. या मताच्या व्याप्तीविषयीं शास्त्रज्ञांत वाद आहे. परंतु सकाळीं तासभर चालून आल्यावर दुपारीं आपण खुर्चींतून उठावयाचा कसा कंटाळा करतों, हें ज्यानें पाहिलें आहे त्याला त्यांतलें मर्म कळेल.

एवढ्या शंका निघाल्यावर सौभाग्यवतींचा विजय झाला, असें कोणी म्हणेल. मलाही तसें वाटूं लागलें होतें. पण त्याच सुमारास आमच्या घरांतच या प्रश्नाची दुसरी बाजू उभी राहिली.

माझी पुतणी शिक्षणासाठीं आमच्याकडे राहते. वय एकोणीस, वजन पन्नास किलो, आणि लांब पल्ल्याच्या शर्यतींचा नाद. वजन जितकें कमी तितका वेग अधिक, असें तिला शिकविणाऱ्या एका गृहस्थांनीं तिच्या मनावर बिंबविलें होतें. आहार १५०० उष्मांकांचा, आणि धांवण्यापोटीं त्यांत एका घांसाचीही भर घालावयाची नाहीं, असा दंडक. ती रोज पंधरा किलोमीटर धांवे. धांवण्याला किलोमागें व किलोमीटरमागें साधारण एक उष्मांक लागतो. म्हणजे साडेसातशें धांवण्यांतच गेले. हृदय, मेंदु, अस्थि, रक्त आणि वाढत्या वयाचा सारा संसार उरलेल्या साडेसातशेंवर चालावयाचा! प्रथम ती चिडचिडी झाली. मग तिची झोंप गेली. स्त्रीदेहाचें मासिक चक्र थांबलें, तें तिनें लाजेनें काकूलाही सांगितलें नाहीं. शेवटीं नडगीच्या हाडाला बारीक चीर पडली, तेव्हां सारें उघडकीस आलें.

अस्थितज्ज्ञांनीं सांगितलेली हकीकत ऐकून मी सुन्न झालों. खर्चाच्या मानानें अन्न कमी पडलें म्हणजे शरीर प्रजनन, हाडांची डागडुजी आणि रोगप्रतिकार हीं खातीं एकामागून एक बंद करीत जातें. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें २०१४ सालीं या विकाराला स्वतंत्र नांव देऊन शिक्षकांना व खेळाडूंना त्याविषयीं सावध केलें आहे. त्या मुलीवरचा उपाय औषधाच्या दुकानांत नव्हता. जें जाळशील तें सारें परत खा, हाच उपाय होता. आणि तो तिच्या गळीं उतरविण्यास काकूला चार महिने लागले. भाकरीचा दुसरा तुकडा वाढतांच तिच्या डोळ्यांत पाणी येई. व्यायामाची मजुरी बुडवली तर देह ती व्याजासकट कशी वसूल करतो, हें मीं माझ्याच घरांत पाहिलें.

मग एका छपराखालीं या एकाच प्रश्नाचीं दोन उत्तरें कशीं? याचा उलगडा मला बंगालमधल्या एका जुन्या अभ्यासांत झाला. हुगळीकांठच्या एका तागाच्या गिरणींतील लोकांचा आहार, वजन आणि श्रम यांची पाहणी ज्याँ मेयर व त्यांचे भारतीय सहकारी यांनीं १९५६ सालीं प्रसिद्ध केली. हलक्या कामापासून अवजड कामापर्यंत जसजसे श्रम वाढत गेले, तसतसा मजुरांचा आहार वाढत गेला. वजनांत मात्र फारसा फरक नव्हता. हमालाला कोणीं उष्मांक शिकविले नव्हते. त्याची भूकच त्याचा हिशेब ठेवीत होती. परंतु अगदीं बैठें काम करणाऱ्यांचा आहार कमी होण्याऐवजीं अवजड काम करणाऱ्यांच्या बरोबरीला गेला होता, आणि वजनही त्याप्रमाणें चढलें होतें. अंगमेहनत करणाऱ्याची भूक प्रामाणिक असते. खुर्चींत बसणाऱ्याची भूक बेहिशेबी होते. माझी भूक दुसऱ्या वर्गांतली. पुतणीची भूक पहिल्या वर्गांतली होती. तिचें तोंड मात्र बळेंच दाबलें गेलें होतें.

म्हणून मीं आपल्यापुरता असा नियम केला आहे. ज्याच्या अंगीं सांठा मोठा आणि व्यायाम बेताचा, त्यानें चालण्याची कमाई सांठ्यांतूनच फिटूं द्यावी. ज्याचा सांठा थोडा आणि श्रम मोठे, त्यानें खाल्लेंच पाहिजे, आणि लाज न बाळगतां खाल्लें पाहिजे. मधल्या माणसानें घड्याळ सांगेल त्याच्या फार तर निम्मे खावे आणि चार आठवड्यांच्या वजनाची सरासरी पाहावी. एका दिवसाच्या कांट्यावर जाऊं नये, कारण मीठ आणि पाणी यांनींच तो किलोभर हलतो. मधुमेहाचीं औषधें किंवा इन्सुलिन घेणारांनीं मात्र हा प्रश्न स्वतः सोडवूं नये. व्यायामानंतर त्यांची साखर धोक्याइतकी खालीं जाऊं शकते. त्यांना केव्हां काय खावयाचें तें डॉक्टरांनींच सांगावें.

माझ्या बाबतींत आणखी एक गोष्ट ध्यानीं आली. चालतांना स्नायु रक्तांतली साखर ओढून घेतात, आणि चालणें थांबल्यावरही कित्येक तास ते ती सुलभतेनें घेत राहतात. वजनाचा कांटा हालो वा न हालो, हा लाभ त्याच दिवशीं पदरांत पडतो. वडिलांच्या अंधाऱ्या खोलीची आठवण ज्याला आहे त्याला हा लाभ लहान वाटणार नाहीं. एवढी मजुरी मला पुरेशी आहे. तिच्यावर भज्यांचा बोनस मागण्याचें कारण मला दिसत नाहीं.

सात महिन्यांत पांच किलो उतरले आणि साखरेचा आंकडा उंबरठ्यावरून एक पाऊल मागें सरला. घड्याळ अजून मनगटावर आहे. त्याची उष्मांकांची पाटी मात्र चिरंजीवांकडून बंद करून घेतली. गणिताचे स्नेही अद्याप आपल्या मतावर ठाम आहेत. रात्रीं जेवतांना पुतणी तिसरी भाकरी मागते आणि मी दुसरी नको म्हणतों. वाढणाऱ्या काकूला मात्र दोघांचाही राग येत नाहीं.