लाज कुणी बाळगायची?

माणसाला वागायला लावणाऱ्या गोष्टी तीन, असे आम्ही समाजशास्त्राच्या एम.ए.ला शिकलो: अपराधभाव, लाज आणि भीती. रूथ बेनेडिक्ट या अमेरिकन अभ्यासक बाईंनी 1946 साली जपानवर पुस्तक लिहिले. पाश्चात्त्य माणसाला मनाची टोचणी आवरते, जपानी माणसाला लोक काय म्हणतील हा विचार आवरतो, अशी त्यांची मांडणी. भीतीचा कप्पा पुढे इतरांनी जोडला.

मग आपले गाव कोणत्या कप्प्यात बसते? जालना जिल्ह्यातल्या वस्त्यांवर काम करताना आम्हाला दिसते ते असे: गावात तिन्ही आहेत, पण त्यांची वाटणी जातीने केली आहे. मारणारा उजळ माथ्याने फिरतो, मार खाणारा तोंड लपवतो. लाज आपल्या वाट्याला, भीतीही आपल्याच वाट्याला. अपराधभाव मात्र कुणाच्याच वाट्याला नाही.

भोकरदन तालुक्यातल्या एका घरी आम्ही रात्री उशिरापर्यंत बसलो होतो. पोराला चौकात जातीवरून शिव्या देऊन मारले होते. बाप म्हणाला, "दादा, केस केली तर सगळ्या तालुक्यात होईल, पोराला चौकात मारलं म्हणून. पोरीला स्थळ कसं येईल? अन् उद्या कामाला कोण बोलवील?" आम्ही त्यांना कायदा सांगितला. चौकात झाले म्हणून तुम्हाला लाज वाटते. पण 1989 च्या ॲट्रॉसिटी कायद्यात चारचौघांसमोर जातीवरून केलेला अपमान हाच गुन्हा आहे. चौक ही तुमची बेअब्रू नाही, तो तुमचा पुरावा आहे. बाप गप्प राहिला. आई म्हणाली, "लाज त्यानं धरावी, आपण काहून?" सकाळी फिर्याद दिली गेली.

सवर्णांचे मन बदलेपर्यंत थांबा, असा सल्ला आपल्याला नेहमी मिळतो. गांधीजींचा भर याच प्रायश्चित्तावर होता. पण महाडला काय घडले? 20 मार्च 1927 रोजी आपले लोक चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यांच्यावर हल्ला झाला. त्यानंतर 108 घागरी पंचगव्य ओतून शुद्ध केले ते तळे! माणसे मारली म्हणून कुणाला शुद्ध व्हावेसे वाटले नाही. जातीच्या धर्माने टोचणीसुद्धा पाण्यासाठी राखून ठेवली होती.

बाबासाहेब त्या टोचणीची वाट पाहत बसले नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच त्यांनी आपल्या स्त्रियांना सांगितले, जात ओळखू येईल असे लुगडे नेसणे आणि तसे दागिने सोडा. म्हणजे जन्माची लाज अंगावरून उतरवा. संविधानाच्या कलम 17 ने अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरवला, म्हणजे भीतीची दिशा फिरवली. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा 2016 चा कायदाही त्याच वाटेवरचा आहे.

आणि 1956 साली त्यांनी आपल्याला धम्म दिला. बुद्धाने लाज आणि भीती टाकून द्यायला सांगितले नाही. हिरी म्हणजे वाईट कृत्याची लाज, ओत्तप्प म्हणजे त्याच्या परिणामांची भीती. अंगुत्तर निकायात हे दोन धम्म जगाचे रक्षण करतात असे सांगितले आहे. लाज कर्माची असावी, जन्माची नव्हे. भीती पाप करण्याची असावी, पाटलाची नव्हे.

मित्रांनो, ही कसोटी आपल्याही वस्तीला लावावी लागेल. दारू पिऊन बायकोला मारणारा कार्यकर्ता जयंतीच्या व्यासपीठावर बसतो आणि तक्रार करणाऱ्या बाईला "समाजाची बदनामी करू नको" असे सांगितले जाते, तेव्हा आपण गावाचीच वाटणी वस्तीत राबवत असतो. तिथेही लाज मारणाऱ्याचीच. पुढच्या वेळी कुणी पीडिताला "झाकून ठेव" म्हणाले, तर त्याला एवढेच विचारा: झाकायचे कुणाचे?

जय भीम!