च्च, टॉक् आणि बैलगाडी

आमची मुलगी ज्या गावात नोकरी करते, त्या गावाचं नाव मला अजून नीट घेता येत नाही. पूर्वी ते सरळमार्गी ‘पोर्ट एलिझाबेथ’ होतं. 2021 साली दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनं ते बदललं. नवं नाव मराठीत ‘गेबेर्खा’ असं लिहितो खरा, पण त्यातल्या ‘ग’बरोबर बाटलीचं बूच उडाल्यासारखा आवाज काढावा लागतो, आणि तो आपल्या बाराखडीत नाही. आपण बोलतो तसंच लिहितो, ही माझी शाळेपासूनची घमेंड विमानतळावरच उतरली.

तिथली भाषा खोसा. मला ‘खोसणे’ हा शब्द पदरापुरताच ठाऊक. राहायचं होतं तीन महिने. मुलगी-जावई सकाळी आठला बाहेर पडत. ही जाऊन वर्ष झालेलं. घरात बोलायला मी आणि फ्रिज. फ्रिज अधूनमधून घुरघुरतो, पण संभाषण पुढे सरकत नाही. शेवटी घरकामाला येणाऱ्या बाईंकडे शिकवणी लावली. बाई साधारण माझ्याच वयाच्या. इंग्रजी माझ्यापेक्षा सफाईदार. पण माझ्या वाट्याला त्यातलं फक्त ‘येस सर’ येई.

पहिल्याच दिवशी बाईंनी तीन आवाज काढून दाखवले आणि काय सांगू, तिन्ही ओळखीचे निघाले! रोमन लिपीतल्या ‘सी’चा आवाज म्हणजे कुणाचा पाय मोडल्याचं ऐकून आपण च्च च्च करतो, तो. ‘एक्स’चा म्हणजे गाडीवान बैल हाकताना गालाच्या बाजूनं जीभ ओढून काढतो, तो. आणि ‘क्यू’ म्हणजे घोडा-घोडा खेळताना टाळूवरून सोडलेला टॉक्. खोसा लोकांनी हे आवाज फार पूर्वी खोइ आणि सान लोकांच्या भाषांतून घेतले. आपण ते हळहळ, बैल आणि पोरखेळ यांवर उधळले. त्यांनी त्यांना अक्षराचा मान दिला.

सुटे आवाज जमले. शब्दाच्या मधोमध बसवताना मात्र फजिती. पाणी मागायचं म्हणजे ‘न्दि-च्च-एला अमान्झी’. मी ‘न्दि’ म्हणून थांबे, हळहळे, मग ‘एला’ म्हणे. तोवर बाई पेला भरून आणत. मागणी कळली म्हणून नव्हे, म्हाताऱ्याला उचकी लागली म्हणून.

नमस्काराला एकट्याशी ‘मोलो’, अनेकांशी ‘मोल्वेनी’. आता बाईमाणसाला एकेरीत नमस्कार कसा घालायचा? मी आदरार्थी बहुवचनात ‘मोल्वेनी, मामा’ म्हणालो. (तिथं ‘मामा’ म्हणजे आई. आहे की नाही गंमत?) बाईंनी मागे वळून पाहिलं, आणखी कोण आलंय म्हणून. दुसऱ्या दिवशी निमूटपणे ‘मोलो, मामा’ म्हटलं, तर उत्तर आलं ‘मोलो, टाटा’. मला वाटलं, निरोपच दिला! मग कळलं, ‘टाटा’ म्हणजे वडील. तेव्हापासून ‘सर’ गेलं ते गेलंच.

‘कसे आहात’ची वेगळीच तऱ्हा. एकट्याला ‘उन्जानी’, अनेकांना ‘निन्जानी’. पण समोर एकच माणूस असला तरी ‘निन्जानी’ विचारता येतं, म्हणजे घरच्यांसकट खुशाली. उत्तरंही दोन. ‘न्दिफिलिले’, मी बरा आहे. ‘सिफिलिले’, आम्ही बरे आहोत.

एका सोमवारी बाईंनी प्रथमच ‘निन्जानी, टाटा?’ विचारलं. चाळीस वर्षं कुणीही विचारलं की ‘आम्ही मजेत’ म्हणायची जिभेची सवय. मी ‘सिफिलिले’ म्हणून गेलो. मग ध्यानात आलं. चूक सुधारायला ‘न्दि... न्दि...’ करू लागलो. बाईंनी हात वर करून थांबवलं. ‘सिफिलिले’च बरोबर आहे, म्हणाल्या, आणि टेबलावरच्या हिच्या फोटोवरून फडकं फिरवू लागल्या.

मी ‘एन्कोसी’ म्हटलं, म्हणजे आभार. त्या शब्दात च्च नाही, टॉक् नाही, बैलगाडी नाही. तरी अडखळलोच.